दिवा लागला नाही

कान तपासायच्या खोलीचं दार साधं नसतं. वीतभर जाड, आतून मऊ अस्तर लावलेलं, आणि ते ओढून घेतलं की बाहेरचं जग गप्प होतं. आत एक खुर्ची, एक हेडफोन आणि लांब तारेच्या टोकाला एक बटण. बाहेर, दुहेरी काचेच्या अलीकडे, यंत्रासमोर बसते ती चिमी. वय अठ्ठेचाळीस, नाकावर चष्मा, याच खुर्चीत चोवीस वर्षं काढलेली. पण वडिलांनी लहानपणी ठेवलेलं हे नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. दवाखान्यात तिला मॅडम म्हणतात, तो भाग वेगळा.

"आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. कितीही बारीक असला तरी दाबायचं. नाही आला तर दाबायचं नाही." हे ती दिवसातून दहा वेळा सांगते. बटण दाबलं की यंत्रावर छोटा हिरवा दिवा लागतो. ऐकायला किती सोपं! पण माणसाच्या हातात बटण दिलं की त्याला स्वस्थ बसवत नाही. काही जण आवाज नसतानाही दाबतात. कोणाला घाई असते, कोणाला बहिरेपणाची लाज वाटते. म्हणून चिमी मधेच मुद्दाम काही आवाज न देता थांबते आणि दिव्याकडे बघत राहते. लागलाच, तर कागदाच्या कडेला एक फुली मारते. दोनतीन फुल्या झाल्या की दार उघडते आणि पहिल्यापासून सुरुवात करते.

वडील मंगळवारी गेले आणि गुरुवारी ती कामावर हजर झाली. सगळ्यांनी रजा घ्या म्हणून तिच्या मागे धोशा लावला. रजा घेऊन करायचं काय, हे मात्र कोणी सांगितलं नाही. देह वैद्यकीय महाविद्यालयाला दिला होता, गाडी येऊन घेऊन गेली होती. सोपस्कार काही करायचे नव्हते. तिला रडू येत नव्हतं, भूक लागत होती, झोप लागत होती. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल असतो पण आपला वाटत नाही, तसं काहीतरी झालं होतं. ती गुरुवारी नऊ माणसं तपासून घरी आली. एकही फुली चुकली नाही.

वडील पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत होते. शहराला येणारं पाणी बाटल्यांतून गोळा करायचं, त्यात थेंब टाकायचे, रंग बघायचा, आणि 'पिण्यास योग्य' म्हणून सही करायची. स्वतः न तपासलेल्या पाण्यावर त्यांनी उभ्या आयुष्यात सही केली नाही. साहेबांनी डोळे वटारले तरी नाही. देवाच्या बाबतीतही त्यांचं तसंच होतं. नमुना आणा, तपासतो, म्हणायचे. नमुना कोणी आणला नाही, यांनी सही केली नाही. त्यात चिडचिड नव्हती. मिशीतल्या मिशीत हसत म्हणायचे, त्यामुळे समोरच्याच्या अंगाचा मात्र तिळपापड व्हायचा.

चिमी पाच वर्षांची असताना तिने विचारलं होतं, मी कुठून आले? आईच्या पोटातून. आई कुठून आली? आजीच्या. आजी? असं करत करत ते माकडांपर्यंत गेले, माकडांवरून माशांवर, माशांवरून गढूळ पाण्यातल्या कसल्याशा ठिपक्यावर, आणि ठिपक्यावरून ताऱ्यांच्या राखेवर. "आणि त्याच्या आधी?" तिने विचारलं. "माहीत नाही!" वडील म्हणाले, आणि इतक्या आनंदाने म्हणाले की तिला वाटलं, आपल्याला काहीतरी बक्षीस मिळालं. पुढे आई गेली तेव्हा ती सोळा वर्षांची होती. आता जगायचं कशासाठी, म्हणून ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. वडील तिच्या पायाशी बसले, बराच वेळ बसले. मग म्हणाले, "मलाही सुचत नाहीये. पण सकाळी सहाला टाकीवरचे नमुने आणायचेत. येतेस?" ती गेली. दुसऱ्या दिवशीही गेली. तिच्या आयुष्याचा अर्थ काय, याचं उत्तर तिला आजवर तेवढंच मिळालं होतं, आणि ते पुरलं होतं.

आता या मंगळवारचं सांगायला हवं.

वडील एक्याऐंशीचे होते. हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले आणि घरीच ठेवा म्हणाले. वडिलांचं डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख. जायच्या चार दिवस आधी त्यांनी चिमीला जवळ बोलावलं.

"लोक म्हणतात, शेवटी कोणीतरी न्यायला येतं. उजेड दिसतो. हाक ऐकू येते," ते म्हणाले. बोलताना धाप लागत होती. "आता हे सांगतात कोण? जे परत आले ते. म्हणजे जे गेलेच नाहीत ते. खरं गेलेल्या माणसाची नोंद कोणाकडे आहे?"

"कोणाकडेच नाही, बाबा."

"मग करू या की. तुझ्याकडे ते बटण आहे ना?"

दवाखान्यात एक जुनं, मोडीत काढलेलं बटण पडलं होतं. यंत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसाने त्याला बॅटरी आणि छोटा दिवा जोडून दिला. कशाला हवंय, असं त्याने विचारलं तेव्हा चिमी म्हणाली, घरी एक तपासणी आहे. वडिलांनी ते बटण अंगठ्याखाली धरून बघितलं आणि लहान मुलासारखे खूश झाले. नियम त्यांनीच घातले. दुखलं, तहान लागली, म्हणून दाबायचं नाही. कोणीतरी आहे, काहीतरी आहे असं वाटलं, तरच. चिमीने डोक्यामागे बसायचं, म्हणजे ती दिसणार नाही. बोलायचं नाही. हात लावायचा नाही. दिवा लागला तर वेळ लिहायची. श्वास थांबल्यावरही दहा मिनिटं बसून राहायचं.

"आणि जे होईल ते रविवारच्या बैठकीत मंडळींना सांगायचं," ते म्हणाले. "लागला तरी सांगायचं. माझी लाज राखायला जाऊ नकोस."

असला खुळेपणा दुसऱ्या कुठल्या घरात सुचला नसता. सुचला असता तरी लेकीने बापाच्या हातातून बटण काढून घेतलं असतं. या घरात लेक वही आणि पेन्सिल घेऊन बसली.

मंगळवारी दुपारी एकपासून ती त्यांच्या डोक्यामागे खुर्ची टाकून बसली होती. तिला त्यांचं टक्कल दिसत होतं, कानाची पाळी दिसत होती, पांघरुणावरचा हात आणि हातातलं बटण दिसत होतं. हात उघडा होता, गार पडला असेल असं तिला वाटलं. तिने हात लावला नाही. श्वास लांबत चालला. एक झाला की दुसरा येईल की नाही, असं वाटायचं. तीन वाजून पन्नास मिनिटांनी एक श्वास गेला आणि दुसरा येईना. तेव्हा दोन गोष्टी घडल्या. ती "बाबा" म्हणाली. आणि दिवा लागला.

मग श्वास परत आला. आणखी बारा मिनिटं येत राहिला आणि थांबला. त्यानंतर नियमाप्रमाणे ती दहा मिनिटं मागेच बसून राहिली. वहीत एकच ओळ होती: ३.५०, दिवा. ती बोलली, हे तिने लिहिलंच नव्हतं.

अर्ध्या तासाने, बातमी कळली तसा, मास्तरांचा फोन आला. मास्तर म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक, वडिलांचे चाळीस वर्षांचे दोस्त. त्यांना बटणाची गोष्ट माहीत होती. रडत रडतच त्यांनी विचारलं, "चिमे, दिवा?"

"नाही," चिमी म्हणाली. "लागला नाही."

का म्हणाली, कोण जाणे. लागला म्हटलं असतं तर पुढे बोलावं लागलं असतं. त्या वेळी एका शब्दाच्या वर बोलायची तिच्यात ताकद नव्हती. पण शब्द तोंडातून गेला तो गेला. मास्तरांनी सगळ्यांना फोन केले. शुक्रवारपर्यंत त्यांनी तीन पानांचा लेख लिहून काढला, रविवारी वाचायला. त्याचं शेवटचं वाक्य त्यांनी फोनवर तिला ऐकवलं: "आमचा मित्र अंधाराकडे डोळे उघडे ठेवून गेला आणि त्याने खोटा दिवा लावला नाही."

"छान झालंय," चिमी म्हणाली.

शनिवारी आत्या राहायला आली. वडिलांची धाकटी बहीण, शहात्तर वर्षांची, सकाळ-संध्याकाळ प्रार्थना केल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारी. भावासाठीही ती रोज प्रार्थना करायची. "त्याला न विचारता करते, त्याच्या बापाचं काय जातंय," असं म्हणायची आणि मग स्वतःच जीभ चावायची, कारण बाप दोघांचा एकच. आल्या आल्या तिने भांडी घासायला घेतली, आणि घासता घासता पाठमोरीच विचारलं, "शेवटी त्याला काही दिसलं का गं? खरं सांग, मी कोणाला बोलणार नाही."

"नाही, आत्या."

"बरं." आत्याने तीच बशी दुसऱ्यांदा विसळली. "असू दे. मला आपलं वाटलं, निदान आईवडील तरी आले असतील त्याच्यासाठी."

चिमी ओट्याला टेकून उभी राहिली. एकाच खोट्याने एकाला आनंद झाला होता आणि दुसरीची शेवटची आशा गेली होती, आणि आपल्याला दोन्हीचं काही वाटत नाही, याची तिला पहिल्यांदा भीती वाटली. उद्या मास्तर लेख वाचणार. एकदा वाचला की मंडळींच्या वहीत चढणार, आणि मग ज्या माणसाने न तपासलेल्या पाण्यावर कधी सही केली नाही, त्याच्या मरणाखाली तिने केलेली खोटी सही कायमची राहणार. बोलायचं असेल तर उद्याच बोलायला हवं होतं.

रविवारची मंडळी म्हणजे पाचसहा म्हातारी माणसं. कोणी देव न मानणारी, कोणी मानायचं की नाही याचा अजून विचार करणारी. दर रविवारी सकाळी दहाला पुढच्या खोलीत जमायची, चहा प्यायची आणि विश्वाच्या उत्पत्तीवरून हमरीतुमरीवर यायची. टायपिस्टबाई वही ठेवायच्या. त्यांची एक रीत होती. वडिलांनीच पाडलेली. बैठकीच्या सुरुवातीला ज्याने त्याने आपली मागच्या खेपेची चूक सांगायची. मागच्या रविवारी मी अमुक म्हणालो, ते बरोबर नव्हतं. याला चूक-दुरुस्ती म्हणायचं. दुरुस्ती करणाऱ्याला कोणी हसायचं नाही, हा नियम.

त्या रविवारी वडिलांची खुर्ची कोणी हलवली नव्हती आणि तिच्यात कोणी बसलंही नव्हतं. आत्या स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसली होती, आपण यांच्यातली नाही हे दिसावं इतपत लांब. टायपिस्टबाईंनी वही उघडली आणि सवयीने म्हणाल्या, "चूक-दुरुस्ती?"

"आज राहू दे," मास्तर म्हणाले. कागद त्यांच्या हातात तयार होते.

"माझी आहे," चिमी म्हणाली.

आणि तिने सांगितलं. मंगळवारी फोनवर मी खोटं बोलले. दिवा लागला होता. तीन पन्नासला. पण त्याच सुमाराला मी तोंडातून शब्द काढला होता, जो काढायचा नव्हता. एवढं सांगायला तिला अर्धं मिनिटही लागलं नाही. आवाज अगदी सरळ होता, 'उजवा कान बरा आहे, डावा थोडा कमी' असं पेशंटला सांगावं तसा.

सगळ्यांच्या हातातले कप जिथल्या तिथे राहिले. पहिले बोलले ते मंडळींतले दातांचे डॉक्टर, घसा खाकरून. "स्नायू आखडतात शेवटी. अंगठा आपोआप वळतो. त्यात काही नाही."

"कोणीतरी आलं होतं," दारातून आत्या म्हणाली. तिचा पदर तोंडाशी होता. "मला माहीतच होतं. कोणीतरी आलं होतं त्याला न्यायला."

मास्तरांनी दोघांकडेही बघितलं नाही. "चिमे, आधी काय झालं? तू बोललीस की दिवा लागला?"

पाच दिवस चिमी रोज मनाने त्या खुर्चीत जाऊन बसत होती. रोज तो श्वास जायचा, रोज ती 'बाबा' म्हणायची, रोज दिवा लागायचा. कधी आधी, कधी नंतर.

"आठव ना," मास्तर म्हणाले, आणि आता ते अक्षरशः विनवत होते. "तू हाक मारलीस, त्याला ऐकू आली, म्हणून त्याने दाबलं. असंच असणार. दुसरं काय असणार? कोणीतरी होतंच की तिथे. तू होतीस."

चिमीला ते इतकं हवं होतं की तिच्या हाताचा अंगठा नकळत बोटावर दाबला गेला. हो म्हटलं की झालं. मास्तरांचा मित्र मास्तरांना परत मिळाला असता, आणि बापाने शेवटचं काही केलं असेल तर ते आपल्या हाकेला ओ दिली, एवढं तिला जन्मभर पुरलं असतं. खरंही असेल ते. पण तिला ते ऐकू आलं नव्हतं, नुसतं हवं होतं. असल्या दाबण्याला ती चोवीस वर्षं फुल्या मारत आली होती.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे आधी काय झालं ते मला माहीत नाही, मास्तर. आणि आता कळणारही नाही. तपासणी माझ्यामुळे बिघडली."

टायपिस्टबाईंनी पेन उचललं. "मग काय लिहू?"

"दिवा लागला. कारण माहीत नाही."

त्यांनी तसंच लिहिलं. मास्तरांनी लेखाची घडी घातली, आणखी एक घातली, आणि खिशात सरकवली. मग ते मोकळ्या खुर्चीकडे बघत म्हणाले, "गाढवा, आनंदाने म्हणायचास रे तू हे. आम्हाला नाही जमत." आणि चष्मा काढून रडायला लागले. टायपिस्टबाई रडल्या. दातांचे डॉक्टर खिडकीपाशी गेले. चिमीने सगळ्यांचे कप गोळा केले आणि स्वयंपाकघरात आली.

आत्या तिच्या मागोमाग आली. "एक विचारू? तीन तास तू मागे बसून होतीस. त्याच्या हातावर हातसुद्धा ठेवला नाहीस?"

"नियम होता, आत्या."

"अगं, मरणाऱ्या माणसाचं एवढं काय ऐकायचं!" आत्या म्हणाली. पण रागाने नाही. तिने चिमीचा हात हातात घेतला, दोन्ही बाजूंनी चोळला, कोणी बाहेरच्या थंडीतून आल्यावर चोळतात तसा, आणि कप विसळायला घेतले. चिमीला हात चोळलेला कळला. तेवढंच कळलं.

सोमवारी सकाळचा पहिला पेशंट सुतार होता. सत्तरी ओलांडलेला, यंत्राच्या करवतीच्या आवाजाने कान गेलेला, केस चापून बसवलेले आणि शर्ट इस्त्रीचा, जणू काही मुलाखतीला आला होता. चिमीने त्याला आत बसवलं, हेडफोन चढवला, बटण हातात दिलं, नेहमीचं वाक्य म्हटलं. दार ओढून घेतलं. काचेअलीकडे येऊन बसली. तो अर्धा तिच्याकडे वळून बसला होता, डोळे मिटून, भुवया आक्रसून, जीव कानात आणून.

मोठे आवाज त्याने पकडले. बारीक होत गेले तसे सुटायला लागले. मग ती थांबली. काहीच दिलं नाही. दहा सेकंद, पंधरा. दिवा लागला. तिने फुली मारली. परत थांबली. परत लागला. तिसऱ्या फुलीला ती उठली, दार उघडलं आणि त्याच्या एका कानावरून हेडफोन सरकवला.

"आजोबा, आता आवाज आला होता?"

सुतार ओशाळला. "नाही, मॅडम."

"मग का दाबलं?"

"रागावू नका." त्याने बटणाकडे बघितलं. "मधेच डोळे उघडले, तर तुम्ही काचेपाशी बसलेल्या दिसलात. एवढा वेळ एकट्या वाट बघताय माझ्यासाठी. म्हटलं, दाबावं एकदा. तेवढंच तुम्हाला बरं वाटेल."

हे काही नवीन नव्हतं. चोवीस वर्षांत असं सांगणारे तिला पन्नास तरी भेटले होते. ती नेहमी म्हणायची तेच म्हणाली. "माझा विचार करू नका. ऐकू आलं तरच दाबा."

"बरं."

तिने हेडफोन नीट बसवला, दार ओढलं, खुर्चीत येऊन बसली. नवा कागद घेतला. पहिला आवाज द्यायचा म्हणून बोट यंत्रावर ठेवलं आणि तिला या खोलीच्या जागी बाबांची खोली दिसली. टक्कल, कानाची पाळी, उघडा हात. दिसत नसलं तरी मागे कोण बसलंय, हे त्यांना माहीत होतं. एक वाजल्यापासून बसली आहे, काही खाल्लं नसेल, हेही माहीत होतं. म्हणून दाबलं असेल का, हेसुद्धा माहीत नाही. माहीत नाही, बाबा. तिला गेल्या सहा दिवसांत पहिल्यांदा काहीतरी दुखलं, इतकं जोरात की ती पोटाशी वाकली. आणि ती रडायला लागली, मोठ्याने, तोंड वाकडं करून, नाक गळेपर्यंत.

आत सुतार डोळे गच्च मिटून, अंगठा बटणावर ठेवून बसला होता. दार वीतभर जाड, काच दुहेरी. त्याला काही ऐकू जाणं शक्य नव्हतं. यंत्रातून तिने काही दिलं नव्हतं.

थोड्या वेळाने दिवा लागला.